नवं कॅसिनो रिसॉर्ट : कोण कोण जाऊन आलंय? कसं वाटलं?

निवांत_नीरा

मागच्या आठवड्यात आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा आणि सासूसासरे, दोन महिन्यांपूर्वी उघडलेल्या एका आलिशान कॅसिनो रिसॉर्टमध्ये तीन रात्री राहून आलो. नाव मुद्दाम लिहीत नाही. जाऊन आलेल्यांना वर्णनावरून कळेलच, आणि तिथली पोरं अजून शिकतायत, त्यांच्या पोटावर कशाला पाय आणा.

आधी चांगलं सांगते. खोली फारच सुंदर. खिडकी जमिनीपासून छतापर्यंत, बाथरूम खोलीच्या निम्मं. पडदे, दिवे, एसी सगळं उशाशी ठेवलेल्या टॅबलेटवर. पहिल्या रात्री एक दिवा काही केल्या विझेना. नवऱ्याची वीस मिनिटं त्या टॅबलेटशी झटापट चालली होती. शेवटी शेजारच्या खोलीतून बाबांना बोलावलं, त्यांनी पडद्यामागे हात घालून साधं बटण शोधून काढलं आणि एक अक्षर न बोलता झोपायला निघून गेले.

आता खटकलेलं. खोलीत किटली नाही. चहा हवा तर खाली जा. खाली जाणं म्हणजे कॅसिनोचा फ्लोअर, म्हणजे खेळाचा हॉल, ओलांडणं. पोहायला जायचं तर फ्लोअरमधून, जेवायला जायचं तर फ्लोअरमधून, टॅक्सी पकडायची तरी फ्लोअरमधूनच. बाबांचे गुडघे दुखतात, म्हणून एका सकाळी मी पावलं मोजली. लिफ्टपासून नाश्त्याच्या टेबलापर्यंत ६४०. आणि वाट सरळ नाहीच. गालिच्यावरची वेलबुट्टी जिकडे वळते तिकडे आपणही वळतो, आणि परत त्याच वाघाचं चित्र असलेल्या मशीनसमोर येऊन उभे राहतो.

सासूबाईंनी मिनीबारमधली बाटली नुसती उचलून बघितली आणि परत ठेवली, तर ती बिलात! काउंटरवर सांगितल्यावर लगेच काढली, हुज्जत घातली नाही, हेही खरं. 'रिसॉर्ट फी' मात्र रोजची, वेगळी, आणि ती कशाची हे तिघांना विचारून तीन उत्तरं मिळाली.

खेळाबद्दल : मी आणि सासूबाई एक तास स्लॉटवर (जुगाराच्या मशीनवर) बसलो, ठरवून नेलेले पैसे घालवले आणि उठलो. नवरा दोन संध्याकाळी ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळाला. त्याची एकच तक्रार, पत्ते वाटणारे डीलर भयंकर हळू. एका मुलीने तर चिप (पैशांऐवजीच्या चकत्या) मोजताना दोनदा चूक केली आणि दोन्ही वेळा सुपरवायझर आला.

तुमचे अनुभव लिहा.

झब्बू

रुमाल टाकून ठेवतोय. पुढच्या महिन्यात जायचं बुकिंग झालंय. ६४० पावलं वाचून बायकोने 'चला, चालणं तरी होईल' असं म्हटलंय.

किलवर_गुलाम

आम्हीही तिथेच जाऊन आलो, वर्णनावरून शंभर टक्के तेच. मला तर जाम आवडलं. माफ करा नीराताई, पण कॅसिनोत जाऊन किटली शोधणं म्हणजे लग्नाला जाऊन वाचनालय शोधणं. (ह.घ्या.)

एक टिप देतो. नवीन जागा उघडली की पहिले दोनतीन महिने मशीन ढिली, म्हणजे जास्त पैसे परत देणारी, ठेवतात, लोकांची तोंडं गोड व्हावीत म्हणून. मी दोन रात्री खेळलो आणि जिंकून आलो. नंतर घट्ट करतात. तेव्हा जायचं तर आत्ताच जा.

गणिताचे_मास्तर

गुलामराव, अभिनंदन. पण दोन रात्रींच्या खेळावरून मशीन ढिलं की घट्ट हे खुद्द मशीनलाही सांगता येणार नाही. स्लॉटचा परतावा, म्हणजे लावलेल्या पैशातला खेळाडूंना परत मिळणारा भाग, लाखो फेऱ्यांच्या सरासरीत दिसतो. तुमच्या फेऱ्या फार तर चारपाच हजार झाल्या असतील. एवढ्या फेऱ्यांत ८५ टक्के परताव्याच्या मशीनवरही माणूस जिंकतो आणि ९५ टक्क्यांच्या मशीनवरही धुऊन निघतो.

किमान परतावा बऱ्याच ठिकाणी नियमानेच ठरलेला असतो. नेवाडात तो ७५ टक्के आहे, न्यू जर्सीत ८३. याच्या वर कुठेही ठेवायला मालक मोकळा. बहुतेक ठिकाणी मशीनवर हा आकडा लिहिलेला नसतो, ही खरी गोम. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन सारख्या दिसणाऱ्या मशीनचा परतावा वेगळा असू शकतो आणि बाहेरून कळायला काही मार्ग नाही.

टेबलाचं तसं नाही. तिथे सगळं उघड्यावर असतं, फक्त वाचायचं असतं. नीराताई, तुमच्या यजमानांना विचारा, ब्लॅकजॅकच्या टेबलावर छापलं होतं ते ३ : २ की ६ : ५?

निवांत_नीरा

विचारलं. आधी म्हणाला लक्षात नाही. मग फोनमधला फोटो मोठा करून बघितला. ६ : ५. त्याने काय होतं?

गणिताचे_मास्तर

एक्का आणि दहाचं पान (किंवा चित्र) पहिल्या दोन पानांत आलं की ब्लॅकजॅक. १० चिप लावल्या असतील तर ३ : २ च्या टेबलावर १५ मिळतात, ६ : ५ च्या टेबलावर १२. असा डाव साधारण २१ डावांत एकदा येतो. म्हणजे दर २१ डावांत ३ चिप गायब. ऐकायला किरकोळ, पण यामुळे हाऊस एज, म्हणजे लावलेल्या पैशावर कॅसिनोचा हिस्सा, जवळपास १.४ टक्क्यांनी वाढतो. जो नीट शिकून खेळतो त्याच्यासाठी चांगल्या नियमांच्या टेबलावर तो मुळात अर्धा टक्का असतो. म्हणजे एका छापील ओळीने तो जवळजवळ चौपट झाला.

रूलेटलाही, म्हणजे आकड्यांच्या फिरत्या चाकाच्या खेळालाही, तेच. एक शून्य असलेलं चाक असेल तर ३७ घरं, हिस्सा २.७० टक्के. दोन शून्य, ३८ घरं, ५.२६ टक्के. आता नव्या जागांमधून तीन शून्यांची चाकं दिसू लागली आहेत : ३९ घरं, ७.६९ टक्के. तिसऱ्या शून्याच्या जागी बऱ्याचदा कॅसिनोचं बोधचिन्ह असतं, त्यामुळे ते शून्य आहे हेच लोकांच्या ध्यानात येत नाही. जागा जितकी चकचकीत तितकी शून्यं जास्त, असा माझा कयास आहे. चू.भू.द्या.घ्या.

रंगरेषा

मी इंटिरियरवाली, त्यामुळे मला त्या गालिच्यात रस. नीरा, तुला वाट सापडली नाही यात तुझा दोष नाही.

या धंद्यात मांडणीच्या दोन विचारसरणी आहेत. जुनी बिल फ्रिडमन यांची. हा गृहस्थ स्वतः आधी जुगाराच्या नादातून गेलेला, मग कॅसिनोचा व्यवस्थापक झालेला. छत बुटकं ठेवा, मशीन दाटीवाटीने लावा, वाटा नागमोडी करा, लांबवर काही दिसू देऊ नका, म्हणजे माणूस समोरच्या मशीनवर खिळेल, असं त्यांचं म्हणणं. दुसरी विचारसरणी रॉजर थॉमस यांची. लास व्हेगासची बेलाजिओ (१९९८) आणि नंतर विन लास व्हेगास (२००५) या रिसॉर्टची अंतर्गत सजावट त्यांनी केली. उंच छतं, उजेड, ताजी फुलं, बसायला खऱ्या खुर्च्या. माणसाला आपण श्रीमंत आहोत असं वाटलं की तो श्रीमंतासारखा खर्च करतो.

आलिशान रिसॉर्ट आता वरवर दुसऱ्या पंथाची असतात. झुंबरं, उंची, फुलं, सगळं आहे. पण पायाखालची वाट बघाल तर ती फ्रिडमनचीच. सगळे रस्ते फ्लोअरमधून जातात ते काही नकाशात चूक झाली म्हणून नव्हे. आणि किटली नसणं हाही आराखड्याचाच भाग समज. चहासाठी खाली आलेला माणूस रिकाम्या हाताने सहसा वर जात नाही.

अवांतर : घड्याळ दिसलं का कुठे?

निवांत_नीरा

घड्याळ दिसलं, पण विकायला. काचेच्या कपाटात.

सुट्टीवाली_सई

आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो, त्यामुळे माझं मत थोडं वेगळं. खेळायचं नव्हतंच. पूल अप्रतिम, पाणी कोमट. मात्र सकाळी आठला गेलं तरी निम्म्या खुर्च्यांवर टॉवेल पसरलेले आणि माणूस एकही नाही. सावलीतल्या खुर्च्यांना वेगळे पैसे. मुलांना फ्लोअरच्या कडेकडेने चालायची परवानगी, पण थांबायची नाही. धाकट्याच्या बुटाची नाडी सुटली म्हणून मी खाली वाकले, तर दोन मिनिटांत सुरक्षारक्षक हजर. नम्रपणे, पण 'चालत राहा'. नाडी तशीच लोंबकळत आम्ही बाहेर आलो.

रिसॉर्ट फीबद्दल : अमेरिकेत १२ मे २०२५ पासून हॉटेलांना अशी सक्तीची फी धरूनच दर दाखवावा लागतो. फी बंद झालेली नाही, निदान आधी दिसते तरी. बाकी ठिकाणी बुक करताना शेवटच्या पानापर्यंत जा, एकूण आकडा तिथेच असतो.

इस्पिक_राणी

वाचत होते, लिहायचं नव्हतं, पण त्या हळू डीलरवरून राहवेना. मी नऊ वर्षं टेबलामागे उभी राहिलेय, चार जहाजावर आणि पाच जमिनीवर.

नीरा, तुझ्या नवऱ्याला सांग, त्या चुकणाऱ्या मुलीचे आभार मान. सरावलेली डीलर ब्लॅकजॅकचे तासाला सत्तर-ऐंशी डाव सहज काढते, टेबलावर एकटाच खेळाडू असेल तर त्याच्या दुप्पटही. नवशिकी चाळीस काढेल. हिस्सा जर प्रत्येक डावावर कापला जातो, तर कमी डाव म्हणजे कमी कापणं. तो वैतागला, पण त्याचे पैसे दुप्पट वेळ टिकले. नव्या जागेत खेळाडूला काही सवलत मिळत असेल तर ती ढिल्या मशीनची नाही, हळू हातांची असते. गर्दीचंही तेच. टेबल भरलेलं असलं की लोक कुरकुरतात, पण भरलेलं टेबल खिशाला सोसतं.

ती दोनदा चुकली आणि सुपरवायझर आला, यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. उलट चूक झाली की हात जागच्या जागी थांबवायचा आणि आवाज द्यायचा, हेच आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. चिप परत ओढून घेतली असती तर ते वाईट. तुम्ही बघितलं असेल, टेबल सोडताना डीलर हलकी टाळी वाजवून तळवे उलटसुलट करून दाखवते. ते तुमच्यासाठी नसतं, छतातल्या कॅमेऱ्यासाठी असतं : हातात काही नाही. मला इतकी सवय लागली होती की घरी ओट्यावरून भाजी चिरून उठले तरी टाळी वाजवायचे. मुलगी अजून चिडवते.

आणि नव्या जागेच्या पहिल्या महिन्यांत आमचे पाय सुजतात. तासभर उभं, वीस मिनिटं सुटी हे कागदावर. माणसं कमी असली की सुटी येतेच असं नाही. तेव्हा परीक्षण लिहिताना 'डीलर हसत नव्हती' असं लिहू नका बाबांनो.

किलवर_गुलाम

राणीताई, कमी डाव म्हणजे कमी तोटा हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. मग स्लॉटचं गणित काय म्हणता मास्तर?

गणिताचे_मास्तर

राणीताईंनी नेमकं बोट ठेवलं. हिस्सा किती टक्के यापेक्षा तो तासाला किती वेळा कापला जातो ते बघा.

एक शून्याच्या चाकावर तासाला ४० फेऱ्या धरू, प्रत्येक वेळी १० चिप. ४०० चिप लावल्या, सरासरी ११ गेल्या. तीन शून्यांच्या चाकावर तोच तास ३१ ला पडतो. आता स्लॉट : फेरीला फक्त १ चिप, म्हणून स्वस्त वाटतं. पण बोट एका लयीत चालू राहिलं तर तासाला ६०० फेऱ्या होतात. ९० टक्के परतावा धरला तरी ६० चिप गेल्या. दसपट छोटी पैज, पाचपट मोठं नुकसान.

शिवाय त्यात एक चलाखी. एकाच फेरीत २० रेघांवर (चित्रं जुळायच्या ओळींवर) मिळून १ चिप लावली, परत ०.४ आली, तरी मशीन गाणं म्हणतं आणि दिवे लावतं. हरल्याचा उत्सव.

सुट्टीवाली_सई

'हरल्याचा उत्सव' 😀 चोरलं.

झब्बू

मी रूलेटचा माणूस. टेबलाशेजारी तो उभा बोर्ड असतो ना, मागचे वीस आकडे दाखवणारा. सहा वेळा काळा आला की मी लालवर लावतो. माझं बरं चाललंय आजवर.

गणिताचे_मास्तर

झब्बूशेठ, १८ ऑगस्ट १९१३, मोनॅकोतला मोंटे कार्लोचा कॅसिनो. काळा सलग २६ वेळा आला. पंधराव्या वेळेनंतर लोक तुमच्यासारखंच 'आता लाल आलाच पाहिजे' म्हणत लाखो फ्रँक लावत सुटले आणि बुडाले. चाकाला मागचं काही आठवत नाही. तो बोर्ड कॅसिनो फुकट लावतो, यातच काय ते समजा.

काठावरचा

धागा गमतीत चाललाय, मोडता घालायचा नाही. पण एक बाजू लिहितो.

असंच एक नवं रिसॉर्ट उघडलं तेव्हा माझा मोठा भाऊ उद्घाटनाच्या आठवड्यात मित्रांबरोबर गेला. सभासद कार्ड फुकट होतं, घेतलं. महिन्याभरात त्याला फुकट खोलीचे निरोप येऊ लागले. आम्हाला तो ऑफिसच्या दौऱ्यावर जातोय असं सांगायचा. वर्षभराने वहिनीला कपाटाच्या वरच्या फळीवर हॉटेलच्या त्या पातळ पांढऱ्या चपला सापडल्या. अकरा जोड. एकाचंही प्लॅस्टिकचं पाकीट फोडलेलं नव्हतं. बॅग ठेवायला खोलीत जायचा, चपला खिशात घालायचा आणि खाली उतरायचा तो सकाळपर्यंत. त्या खोल्यांच्या गाद्या मऊ होत्या की कडक हे त्याला आजही सांगता येणार नाही.

आता तो तीन वर्षं गेलेला नाही. त्याने स्वतःहून आपलं नाव प्रवेशबंदीच्या यादीत घालून घेतलं. अशी सोय बऱ्याच ठिकाणी असते, पण ती विचारावी लागते, कार्डासारखी हातात आणून देत नाहीत.

इस्पिक_राणी

तुमचा भाऊ सावरला हे वाचून बरं वाटलं.

फुकट खोलीमागचा हिशोब मी सांगते, कारण तो आमच्यासमोरच स्क्रीनवर असायचा. सरासरी पैज गुणिले तासाला डाव गुणिले किती तास बसलात गुणिले हिस्सा. येणारा आकडा म्हणजे तुम्ही 'हरायला हवे होतात' ती रक्कम. प्रत्यक्षात जिंकलात की हरलात याला फारसं महत्त्व नाही. त्या रकमेतला काही भाग खोली, जेवण, तिकिटं या रूपाने परत. म्हणजे ते फुकट नसतं, ते आधीच भरलेलं असतं.

सिंगापूरने याबाबतीत जरा कडक धोरण ठेवलंय. तिथली दोन्ही रिसॉर्ट २०१० मध्ये उघडली तेव्हापासून नागरिकांना आणि कायम रहिवाशांना कॅसिनोत शिरायलाच पैसे पडतात : आधी २४ तासांचे १०० सिंगापूर डॉलर, २०१९ पासून १५०. परदेशी पर्यटक मात्र पासपोर्ट दाखवून फुकट आत. आणि तिथे घरच्यांनाही अर्ज करून माणसाचा प्रवेश बंद करून घेता येतो. ही कल्पना मला पटते. मोनॅकोने तर आपल्या नागरिकांना मोंटे कार्लोच्या कॅसिनोत खेळायला पहिल्यापासून बंदीच घातलेली आहे.

रंगरेषा

फुकट खोल्यांमागे धंद्याचाही भाग आहे. लास व्हेगासच्या मुख्य रस्त्यावरच्या मोठ्या रिसॉर्टचं निम्म्याहून जास्त उत्पन्न कित्येक वर्षं खोल्या, खाणं, कार्यक्रम यांतून येतंय. १९८९ मध्ये स्टीव्ह विन यांनी मिराज उघडलं, दारात खोटा ज्वालामुखी वगैरे, तिथून ही लाट सुरू झाली. ते मिराज २०२४ मध्ये बंदही झालं. मकाऊत उलट. २००६ मध्ये चीनमधल्या मकाऊच्या कॅसिनोंनी जुगाराच्या उत्पन्नात व्हेगासच्या त्या रस्त्याला मागे टाकलं ते टेबलांच्या जोरावर, त्यातही बॅकरा या पत्त्यांच्या खेळाच्या.

तेव्हा खोली स्वस्त आहे की महाग हे बघितलं की कळतं, ही जागा कशावर पोट भरते. खोली कवडीमोल असेल तर दुसरीकडे कुठेतरी कापणार.

झब्बू

आमची खोली भयंकर महाग आहे. मग मी सुरक्षित का?

रंगरेषा

नाही. तुला दोन्हीकडून कापणार. 😀

सुट्टीवाली_सई

नवेपणाबद्दल एक. आमच्या मजल्यावर रंगाचा वास येत होता, एक लिफ्ट बंद, कॉरिडॉरमध्ये प्लॅस्टिक गुंडाळलेल्या खुर्च्या. तरी दर पूर्ण. जुन्याजाणत्यांचं म्हणणं असतं की अशा ठिकाणी उघडल्यावर सहा महिने थांबावं. ते मलाही पटलंय. व्हेगासच्या फाँटनब्लूचं बांधकाम २००७ मध्ये सुरू झालं, २००९ मध्ये पैसे संपून थांबलं, आणि ६७ मजल्यांचा तो सांगाडा वर्षानुवर्षं तसाच उभा राहून अखेर १३ डिसेंबर २०२३ ला हॉटेल उघडलं. इतकी वर्षं थांबता येत असेल तर खुर्च्यांचं प्लॅस्टिक काढायला अजून एक आठवडा थांबले असते तरी चाललं असतं.

किलवर_गुलाम

कबुली देतो. कार्डाच्या अ‍ॅपमध्ये सगळा हिशोब दिसतो हे राणीताईंची पोस्ट वाचून आठवलं, उघडून बघितलं. पहिल्या रात्री जिंकलो होतो हे खरं. दुसऱ्या रात्रीचं मी सोयीस्कर विसरलो होतो. दोन्ही मिळून वजाच आहे. 'जिंकून आलो' हे मागे घेतो. जागा मात्र अजूनही आवडते.

काठावरचा

गुलामराव, अ‍ॅप उघडून बघितलंत, हे फार कमी लोक करतात.

निवांत_नीरा

सगळ्यांचे आभार. नवऱ्याला ही सगळी चर्चा वाचायला दिली. तो त्या हळू मुलीबद्दल गप्प झाला आणि मग म्हणाला, पुढच्या वेळी तिच्याच टेबलावर बसीन. पुढच्या वेळी! सासूबाईंना स्लॉटमधून उरलेल्या पैशांचं तिकीट मिळालं होतं, अगदी किरकोळ रकमेचं. ते यंत्रात घालून वटवायला त्या परत ६४० पावलं चालायला तयार नव्हत्या. पर्समध्ये आहे अजून.

झब्बू, तू जातोयस म्हणून सांगते. खोली घेताना रस्त्याकडची घेऊ नकोस, जनरेटरचा आवाज येतो. छोटी प्रवासी किटली बरोबर ने, पण चालते का ते आधी विचार. मिनीबारला हात लावू नकोस, नुसता बघायलाही नाही.

झब्बू

नोंद केली. आईला घेऊन जातोय, तिचेही गुडघे तसेच. फ्लोअर टाळून नाश्त्याला जायचा काही रस्ता आहे का? कुणाला सापडला?

सुट्टीवाली_सई

आहे! बाबागाडीमुळे सापडला. तुमच्या लिफ्टने तळमजल्याला उतरूच नका. दुसऱ्या मजल्यावर उतरा, तिथे परिषदेच्या सभागृहांचा कॉरिडॉर आहे, पाटी फक्त सभागृहाची आहे, पण तो सगळ्यांना मोकळा असतो. सरळ शेवटपर्यंत जा, डावीकडे सामानाची नाही ती छोटी लिफ्ट दिसेल. ती थेट नाश्त्याच्या दारात उतरवते. एकही मशीन लागत नाही. आम्ही तिसऱ्या दिवशी शोधला, तोवर धाकट्याला वाघाच्या मशीनचं गाणं पाठ झालं होतं.